काउंटरवरच्या माणसासाठी सॉफ्टवेअरची पुस्तिका कशी लिहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दूध डेअऱ्या, सोसायट्या आणि दुकानांसाठी तयार झालेल्या बऱ्याच वापर-पुस्तिका माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकींत एकच चूक असते. लिहिणारा सॉफ्टवेअरचा मेनू वरून खाली वाचत जातो आणि प्रत्येक बटणाचं वर्णन करतो. 'मास्टर'मध्ये काय आहे, 'एन्ट्री'मध्ये काय आहे, 'रिपोर्ट'मध्ये काय आहे. पहाटे डेअरीच्या दारात किटल्या घेऊन रांग लागलेली असते, तेव्हा दुधातली फॅट (स्निग्धता) मोजणाऱ्या मशीनजवळ बसलेल्या पोराला या वर्णनाचा काही उपयोग नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: आता पहिल्यांदा काय दाबायचं, आणि चुकलं तर मागं कसं यायचं.

खाली सगळीकडे दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतलंय, कारण ते आपल्या गावागावांत आहे. तुमचं सॉफ्टवेअर बिलिंगचं असो, पतसंस्थेचं असो, टप्पे हेच राहतात आणि क्रमही हाच ठेवा. पुस्तिका बिघडते ती बहुतेक वेळा पहिले तीन टप्पे गाळून थेट चौथ्यापासून सुरुवात केल्यामुळे.

## टप्पा १ : लिहिण्याआधी जाऊन बसा

किमान एक सकाळ, एक संध्याकाळ आणि एक बिल काढायचा दिवस तिथं बसून काढा. प्रश्न विचारत बसू नका, नुसतं बघा आणि वहीत लिहा. या चार गोष्टी टिपा:

१. कोण काय करतं. माप घेणारा वेगळा, फॅट बघणारा वेगळा आणि एन्ट्री मारणारा तिसरा असतो की सगळं एकच माणूस करतो? एकच असेल तर त्याचा हात ओला असतो, नजर काट्यावर असते. त्याच्या पायऱ्या चार शब्दांच्या हव्यात.

२. संगणकाबाहेरची कामं. काटा शून्यावर आणणं, मशीन धुणं, वायर हलली नाही ना बघणं. ही कामं सॉफ्टवेअरमध्ये नाहीत म्हणून पुस्तिकेतून गळतात, आणि निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

३. ते कोणते शब्द वापरतात. 'नोंद करणे' तिथं कुणी म्हणत नाही, 'एन्ट्री मारली' म्हणतात. 'देयक' नाही, 'बिल'. 'सभासद क्रमांक' नाही, 'कोड'. पुस्तिकेत हेच शब्द जायला हवेत.

४. ते कुठं थांबतात. हात माऊसवर थबकला, शेजारच्याला विचारलं, कपाटातून जुनी वही काढली, अशी प्रत्येक जागा वेळेसकट लिहून ठेवा. पुढं त्यातूनच पुस्तिकेची प्रकरणं निघतात.

तपासा : तुमच्या वहीत तुम्हाला आधी माहीत नसलेल्या किमान दहा गोष्टी आहेत का? नसतील तर तुम्ही बघण्याऐवजी शिकवत बसला होता. पुन्हा जा.

## टप्पा २ : कामांची यादी करा, बटणांची नाही

आता वहीवरून यादी करा. प्रत्येक ओळ क्रियेनं संपली पाहिजे: सकाळचं दूध घेणे, सेशन (सकाळची किंवा संध्याकाळची दूध घ्यायची वेळ) बंद करणे, नवा सभासद घालणे, दरपत्रक बदलणे, बिल काढणे, चुकलेली एन्ट्री दुरुस्त करणे, वीज गेल्यावर पुन्हा सुरू करणे.

मग ही यादी किती वेळा लागते त्याप्रमाणे लावा. रोजचं सगळ्यात आधी, मग बिलाच्या दिवसाचं, मग महिन्याचं, मग कधीतरी लागणारं. 'सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणे' हे प्रकरण जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत पहिलं असतं. डेअरीत ते काम एकदाच होतं आणि ते करायला बाहेरून माणूस येतो. ते शेवटी टाका, किंवा वेगळ्या कागदावर द्या.

'वीज गेल्यावर' हे प्रकरण मात्र कधीही गाळू नका. अर्धी एन्ट्री झाली असताना वीज गेली तर ती एन्ट्री राहते की जाते, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला विचारून लिहू नका. चाचणीच्या संगणकावर एन्ट्री मध्यावर असताना स्वतः वीज बंद करून बघा आणि जे दिसलं ते लिहा.

## टप्पा ३ : चाचणीचा डेटा तयार करा

खऱ्या डेटावर सराव करत पुस्तिका लिहू नका. सॉफ्टवेअरची वेगळी प्रत वेगळ्या संगणकावर घ्या. त्यात दहा-बारा काल्पनिक सभासद घाला, दोन दरपत्रकं घाला, तीन-चार दिवसांचं दूध घाला. एक-दोन एन्ट्र्या मुद्दाम चुकवा, कारण दुरुस्तीचं प्रकरण लिहिताना त्या लागतात.

सावधान : पडद्याचे फोटो खऱ्या डेटावरून काढले तर सभासदांची नावं, बँक खात्याचे आकडे, आधार क्रमांक छापले जातात आणि ती पुस्तिका गावभर फिरते. नंतर काळी पट्टी मारणं हा उपाय नाही. काही फाइलींत ती पट्टी उचलली की खालचं सगळं दिसतं. फोटो काल्पनिक डेटावरूनच काढा.

## टप्पा ४ : पायऱ्या लिहा

आता लिहायला बसा. एका पुस्तिकेत मला सापडलेलं हे वाक्य वाचा (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक):

'दिनांक व सत्र निवडून झाल्यावर सभासद क्रमांक टाकून दुधाचे प्रमाण, फॅट व एसएनएफ भरून जतन करावे. सत्र चुकीचे निवडल्यास नोंदी चुकीच्या सत्रात जातात याची नोंद घ्यावी.'

यात एका वाक्यात सात कामं आहेत, आणि इशारा काम होऊन गेल्यावर आलाय. वाचणारा वरून खाली वाचत वाचत करत असतो. इशाऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याच्या चाळीस एन्ट्र्या चुकीच्या सेशनमध्ये गेलेल्या असतात. तेच असं लिहा:

> सकाळचं दूध घेणे
>
> सुरू करण्याआधी: काटा शून्यावर आहे ना बघा. आजचं दरपत्रक लागलंय ना बघा (पान ९).
>
> थांबा : पडद्यावर कालची तारीख किंवा संध्याकाळचं सेशन असू शकतं. आधी तेच बघा.
>
> १. 'डेट'मध्ये आजची तारीख आहे का बघा. नसेल तर बदला.
> २. 'सेशन'मध्ये 'मॉर्निंग' निवडा. वरची पट्टी पिवळी होते.
> ३. गाय की म्हैस ते निवडा.
> ४. कोड टाका, एंटर दाबा. सभासदाचं नाव दिसतं. नाव मोठ्यानं वाचा.
> ५. लिटर टाका, एंटर दाबा.
> ६. फॅट टाका, एंटर दाबा.
> ७. एसएनएफ टाका, एंटर दाबा. दर आणि रक्कम आपोआप येते.
> ८. रक्कम बघून 'सेव्ह' दाबा. पावती निघते.

यातून पाळायचे नियम सरळ दिसतात. एका पायरीत एकच काम. काम केल्यावर पडद्यावर काय बदलतं ते लगेच पुढं. इशारा नेहमी पायरीच्या आधी. आणि पायरीचा शेवट आज्ञार्थी क्रियापदानं: टाका, दाबा, निवडा. 'टाकावे', 'टाकण्यात यावे', 'टाकले जाते' ही तिन्ही रूपं काढून टाका. 'टाकले जाते' वाचून माणूस वाट बघत बसतो की ते आपोआप टाकलं जाईल.

चौथ्या पायरीत 'नाव मोठ्यानं वाचा' हे सॉफ्टवेअरमध्ये कुठंच नाही. ते मी खानापूर तालुक्यातल्या एका डेअरीत बसलो असताना एका बाईंकडून घेतलं. त्या कोड टाकला की नाव वाचून दाखवायच्या, समोरचा 'हो' म्हणायचा, मगच पुढं. कोड चुकण्याचा प्रश्न तिथं जवळपास नव्हता. पहिल्या टप्प्यात बसून बघायला सांगितलं ते यासाठीच.

क्रमाबद्दल आणखी एक. काही पायऱ्यांचा क्रम बदलला तरी चालतो, काहींचा बदलला तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. कोणता क्रम मोडायचा नाही हे ठळक सांगा. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या कारखान्याच्या बिलिंगमध्ये हे नीट दिसतं. ग्राहकाचं राज्य आधी ठरलं नाही तर कर चुकतो. बेळगावहून माल हुबळीला, म्हणजे राज्यातच गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, कोल्हापूरला किंवा पणजीला, म्हणजे राज्याबाहेर गेला तर आयजीएसटी. म्हणून 'राज्य निवडा' ही पायरी 'माल घाला'च्या आधी असली पाहिजे. पडताळणीही तिथंच द्या: ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक बघा. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. सीमाभागातल्या दुकानात दिवसातून चार वेळा राज्य बदलतं, त्यामुळे कालच्या बिलावरून आजचं बिल कॉपी करायची सवय इथं महागात पडते.

तपासा : एका कामाच्या पायऱ्या बारापेक्षा जास्त होतायत का? मग ती दोन कामं आहेत. मध्ये तोडा.

## टप्पा ५ : भाषा ठरवा

आपल्याकडं पडदा इंग्रजी, काउंटरवरचा माणूस मराठी वाचणारा, शेजारच्या खुर्चीवरचा कन्नड वाचणारा आणि वर पाठवायचा कागद कन्नडमध्ये, अशी परिस्थिती सर्रास असते. पुण्या-मुंबईत तयार झालेली मराठी पुस्तिका इथं जशीच्या तशी का चालत नाही, त्याचं अर्धं कारण यात आहे. म्हणून हा टप्पा सावकाश करा.

पडद्यावरचे शब्द भाषांतरित करू नका. बटणावर इंग्रजीत 'सेव्ह' लिहिलं असेल आणि पुस्तिकेत 'जतन करा' असेल, तर माणूस पडद्यावर 'जतन करा' शोधत बसतो. पडद्यावर ज्या लिपीत, ज्या स्पेलिंगनं शब्द आहे तसाच पुस्तिकेत छापा, ठळक करा, आणि पहिल्यांदा येईल तिथं शेजारी देवनागरीत उच्चार द्या. (या लेखात वाचायला सोपं जावं म्हणून मी फक्त उच्चार लिहिलेत.) अर्थ सांगायचा तर वेगळ्या वाक्यात सांगा.

अंक. पुस्तिका मराठी आहे म्हणून सगळे अंक देवनागरी करायचा मोह होतो. पायऱ्यांचे क्रमांक, पानांचे क्रमांक खुशाल देवनागरीत ठेवा. पण जो आकडा माणसाला टाइप करायचाय किंवा पडद्यावर ओळखायचाय, तो पडद्यावर दिसतो तसाच, इंग्रजी अंकांत छापा. घाईत देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा वाचला जातो आणि ७ इंग्रजी सहासारखा. दुधाच्या हिशेबात हे परवडत नाही. दशांश चिन्हही ठळक दाखवा. ६.५ फॅटऐवजी ६५ टाइप केलं तर तुमचं सॉफ्टवेअर अडवतं की मुकाट घेतं, ते चाचणीत बघून पुस्तिकेत लिहा.

गावांची नावं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं. काही सॉफ्टवेअरच्या याद्यांत इंग्रजीत जुनं 'बेळगाम' आहे, काहींत नवं. स्पेलिंगची पहिली तीनच अक्षरं दोन्हीकडे सारखी आहेत. चौथं अक्षर टाइप केलं की दुसरं नाव यादीतून नाहीसं होतं आणि माणसाला वाटतं आपला जिल्हाच नाही. निपाणीचंही तसंच: इंग्रजीत एक 'पी' आणि दोन 'पी' अशी दोन्ही स्पेलिंगं चालतात, शिवाय जुन्या याद्यांत निपाणी चिकोडी तालुक्याखाली सापडतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय आहे ते उघडून बघा आणि नवा सभासद घालण्याच्या प्रकरणात एक छोटा तक्ता द्या: आपण काय म्हणतो, यादीत काय शोधायचं.

कन्नड आवृत्ती. ती लागणारच असेल तर शेवटी घाईनं करू नका. मराठी आणि कन्नड एकाच ओळीत मिसळू नका, दोन वेगळी पानं करा. पण पायऱ्यांचे क्रमांक आणि फोटो दोन्हीकडे तंतोतंत तेच ठेवा. मग मराठी वाचणाऱ्यानं फोनवर 'पान सहा, पायरी पाचवर अडकलोय' म्हटलं की कन्नड वाचणारा तीच जागा उघडून उत्तर देतो. कन्नड मजकूर त्या कामातल्या कन्नड माणसाकडूनच लिहून घ्या. मशिनी भाषांतरात कामाचे शब्द हमखास बदलतात, आणि ते बदलले हे आपल्यापैकी ज्याला कन्नड नीट येत नाही त्याला कळतही नाही.

टायपिंग युनिकोडमध्येच. जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये, कन्नडसाठी जुन्या नुडी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होतो. पीडीएफ केली तरी त्यात 'दरपत्रक' शोधता येत नाही.

तपासा : फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मोबाइलवर मराठी नीट दिसली तर ठीक. नाही तर आत्ताच बदला. चाळीस पानं झाल्यावर हे काम दसपट वाढतं.

## टप्पा ६ : फोटो

थोडेच घाला. प्रत्येक पायरीला फोटो लागत नाही. पडदा बदलतो तिथं एक, आणि जिथं बटण शोधावं लागतं तिथं एक. पूर्ण पडद्याचा फोटो लहान करून छापला तर काहीच वाचता येत नाही, म्हणून लागणारा कोपरा कापून घ्या. बाण एकच असू द्या. आणि फोटो पायरीच्या खालीच ठेवा, 'आकृती ३ पाहा' म्हणून पुढच्या पानावर नको.

## टप्पा ७ : 'चुकलं तर' हे प्रकरण

पुस्तिकेतलं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान हेच असतं आणि लिहिणारे याला सगळ्यात कमी वेळ देतात.

हे प्रकरण कारणांवरून लावू नका. माणसाला कारण माहीत नसतं, त्याला फक्त दिसतंय ते माहीत असतं. म्हणून मथळे असे द्या:

- कोड टाकला, दुसऱ्याचंच नाव आलं
- रक्कम शून्य येतेय
- सकाळचं दूध संध्याकाळमध्ये गेलं
- एकाच सभासदाची एन्ट्री दोनदा पडली
- पावती निघत नाही
- बिल काढल्यावर चूक लक्षात आली

प्रत्येकाखाली तीन गोष्टी: आधी काय करू नका, मग काय करा, मग झालं की नाही ते कसं ओळखा. उदाहरणार्थ, 'रक्कम शून्य येतेय'खाली:

> एन्ट्री सेव्ह करू नका.
> १. गाय-म्हैस बरोबर निवडलंय का बघा.
> २. 'रेट चार्ट' उघडा. आजच्या तारखेचं दरपत्रक आहे का बघा.
> ३. नसेल तर लिटर, फॅट आणि एसएनएफ वहीत लिहून घ्या आणि सेक्रेटरींना फोन करा. रांग थांबवू नका.
> दरपत्रक लागल्यावर वहीतल्या एन्ट्र्या मारा. रक्कम आली की झालं.

'रांग थांबवू नका' हे वाक्य तुम्हाला सॉफ्टवेअरच्या बाहेरचं वाटेल. पण लोकांना घरी परतून शेतावर जायचं असतं आणि दूध थांबत नाही. संगणक अडला तरी काम कसं चालू ठेवायचं, हे सांगणं पुस्तिकेचंच काम आहे.

एररचे संदेश इंग्रजीत असतील तर जसेच्या तसे, अक्षर न बदलता छापा आणि शेजारी साध्या मराठीत सांगा. माणूस इंग्रजी वाचत नसला तरी अक्षरं जुळवून बघतो.

सावधान : 'डिलीट' आणि 'एडिट' यांतला फरक प्रत्येक दुरुस्तीत वेगळा सांगा. बिल निघण्याआधीची चूक आणि बिल निघाल्यानंतरची चूक यांचे उपाय एकाच परिच्छेदात घालू नका. बिलानंतर एन्ट्री बदलली तर सभासदाच्या हातातली पावती आणि संगणकातला आकडा जुळत नाही, आणि भांडण काउंटरवरच्या माणसाशी होतं. असा बदल कुणाच्या परवानगीनं करायचा तेही लिहा.

## टप्पा ८ : गप्प बसून परीक्षा घ्या

पुस्तिका छापायच्या आधी, ते सॉफ्टवेअर कधीच न वापरलेल्या एका माणसाच्या हातात ती द्या. चाचणीच्या संगणकावर बसवा आणि सांगा: 'पुस्तिका वाचून पाच सभासदांचं दूध घ्या, त्यातली एक एन्ट्री दुरुस्त करा.' मग तुम्ही बोलायचं नाही. त्यांनी तुमच्याकडं बघितलं तरी नाही. फक्त कुठं थांबले ते लिहायचं.

हे फार अवघड जातं. मी पहिल्यांदा असं बसलो तेव्हा तिसऱ्याच पायरीला तोंड उघडलं आणि 'अहो, ते उजवीकडं आहे' म्हणून गेलो. पुस्तिकेत 'उजवीकडं' लिहिलेलं नव्हतं. मी बोललो नसतो तर ती उणीव तिथंच सापडली असती. माझ्या बोलण्यामुळे ती झाकली गेली, तशीच छापली गेली आणि पुढं दोन महिने त्याच प्रश्नाचे फोन येत राहिले. मी समोर बसून सांगणार नाही तेव्हा हा कागद एकटा पुरतो का, एवढंच या परीक्षेत बघायचं असतं.

दुरुस्त्या करा आणि पुन्हा दुसऱ्या माणसावर घ्या. त्याच माणसावर नको, त्याला आता येतं. कन्नड आवृत्तीची परीक्षा वेगळी घ्या.

तपासा : शेवटच्या परीक्षेत माणूस एकदाही दोन मिनिटांपेक्षा जास्त अडकला नाही, तर छपाईला द्या.

## टप्पा ९ : छपाई आणि जुना कागद

दोन गोष्टी छापा. एक, पूर्ण पुस्तिका, स्पायरल बांधणीत, म्हणजे उघडी ठेवली तर मिटत नाही. दोन, रोजच्या कामाचं एकच पान, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून. ते संगणकाच्या शेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावा. डेअरीत सगळीकडं पाणी असतं, साधा कागद आठवडाभरही टिकत नाही. अक्षर किती मोठं हवं ते खुर्चीत बसून, हात कळफलकावर ठेवून वाचून ठरवा.

प्रत्येक पानाच्या तळाशी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पुस्तिकेची तारीख घाला. पहिल्या पानावर नुसती नको, कारण पानं सुटी होतात आणि त्यांच्या झेरॉक्स निघतात.

सॉफ्टवेअर अपडेट झालं की आधी रोजचं पान घेऊन त्यातली प्रत्येक पायरी करून बघा. बटण हललं असेल तर नवं पान छापा आणि स्वतः जाऊन जुनं भिंतीवरून काढा. नवं पान नुसतं पाठवून दिलं तर ते ड्रॉवरमध्ये जातं आणि भिंतीवर जुनंच राहतं. जुन्या पानावर लोकांनी पेनानं काही लिहिलेलं असतं, एखादा फोन नंबर, एखादी बाणाची खूण, 'इथं दोनदा दाबणे'. ते पान फाडू नका, घरी आणा. पुढच्या आवृत्तीच्या दुरुस्त्या त्यावरच लिहिलेल्या असतात.